"अजून कडक बिट सांगा": एका सात वर्षांच्या घोड्यासाठी वेस्टर्न लिव्हरेज बिट निवडताना

पार्श्वभूमी

ही केस एका सात वर्षांच्या क्वार्टर हॉर्स जातीच्या गेल्डिंगची, म्हणजे खच्ची केलेल्या घोड्याची आहे. घोड्याचं आणि मालकिणीचं खरं नाव देत नाहीये, रंगाने तांबडा म्हणून इथे त्याला तांबू म्हणू. स्वभावाने गरीब घोडा, ट्रेलवर छान चालणारा, लहान मुलांनी खरारा केला तरी डोळे मिटून उभा राहणारा. साडेतीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो साध्या स्नॅफलवर (बाजूला दांड्या नसलेलं बिट, बिट म्हणजे लगामाला जोडलेला तोंडातला धातूचा भाग) चालत होता, मग आधीच्या ट्रेनरने त्याला टॉम थम नावाच्या, बाजूला दांड्या असलेल्या बिटवर आणलं आणि मालकिणीने घेतला तेव्हा तो त्याच बिटसकट आला.

मालकीण चाळिशीच्या, आठवड्यातून तीन-चार वेळा नियमित बसणाऱ्या, सीट (खोगिरावरची बैठक) बरी पण हात थोडे जड. त्यांना वेस्टर्न प्लेझरच्या क्लासमध्ये, म्हणजे घोड्याची शांत चाल आणि वागणं बघणाऱ्या शोच्या स्पर्धेत, उतरायचं होतं. आता हे महत्त्वाचं आहे कारण अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या धर्तीवर जे नियम चालतात त्यात पाच वर्षांपर्यंतच्या घोड्याला स्नॅफलवर दोन हातांनी दाखवता येतं, पण सहा आणि पुढच्या वयाच्या घोड्याला अशा क्लासमध्ये साधारणपणे कर्ब बिटवर, म्हणजे लिव्हरेज बिटवर, एका हाताने दाखवायचं असतं. म्हणजे तांबूला कधीतरी लिव्हरेज बिटवर नीट आणणं भागच होतं, प्रश्न फक्त कोणतं, कधी आणि कसं एवढाच होता.

त्यांचा मला आलेला पहिला मेसेज असा होता, "ताई, हा आता थांबतच नाही, ओढलं की डोकं वर टाकतो आणि अजून जोरात निघतो, जरा कडक बिट सांगा ना, शो जवळ आलाय."

अडचण नेमकी कुठे होती

मी जाऊन बघितलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती अशी की तांबू वॉकमध्ये ठीक, ट्रॉटमध्ये (दुडकी चाल) लगाम हातात घेतला की नाक पुढे काढून मान ताठ, आणि लोपमधून (सावकाश दौड) थांबवायला गेलं की तोंड उघडून डोकं वर. डावीकडे वळताना डोकं तिरकं करायचा, उजवीकडे तेवढं नाही. या डाव्या-उजव्या फरकाकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं आणि पुढे सगळ्यात कामाला आली ती हीच गोष्ट.

दुसरी गोष्ट बिट. टॉम थमला पुष्कळ लोक "स्नॅफलच आहे, फक्त दांड्या आहेत" असं समजतात कारण मधे एकच जोड असतो आणि दिसायला ते सौम्य दिसतं. पण स्नॅफल की नाही हे जोडावरून ठरत नाही, लगाम कुठे जोडलाय त्यावरून ठरतं. लगाम माउथपीसच्याच (तोंडातल्या दांडीच्या) रिंगला असेल तर जेवढं ओढाल तेवढंच तोंडात पोचतं, ते स्नॅफल. लगाम खाली शँकच्या (बाजूच्या दांडीचा खालचा भाग) टोकाला असेल आणि हनुवटीखाली पट्टा किंवा चेन असेल तर ते लिव्हरेज बिट, मग माउथपीस एक जोडाचं असो, तीन जोडांचं असो की अखंड. टॉम थममध्ये शँक आखूड आणि सरळ असतात, मधे एकच जोड, त्यामुळे लगाम उचलला की बिट झटकन फिरतं, त्याच वेळी मधून दुमडतं, शँक आत येऊन गालाला लागतात, जीभ आणि खालचा जबडा दोन्हीकडून चिमटीत सापडतात. घोड्याला कळायला वेळच मिळत नाही. आणि एका बाजूने ओढून वळवायला गेलं तर दुसऱ्या बाजूची शँक पण हलते, म्हणजे डावीकडे चल म्हणताना उजवीकडे पण काहीतरी टोचतंय.

तिसरी गोष्ट म्हणजे हनुवटीखालचा पट्टा, कर्ब. कर्ब चेन इतकी घट्ट होती की एक बोट जेमतेम जात होतं. लगाम सैल सोडला तरी दाब पूर्ण जात नव्हता. घोडा बरोबर वागला तर त्याला बक्षीस म्हणून मिळते ती सुटका, आणि तीच मिळत नसेल तर तो बरोबर कशाला वागेल.

समोर काय काय पर्याय होते

मालकिणीने आधीच तीन-चार जणांना विचारलं होतं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही बसून सगळे पर्याय समोर ठेवले.

एक, उंच पोर्टचं (माउथपीसच्या मधली कमान), लांब शँकचं करेक्शन बिट. तबेल्यातल्या एका अनुभवी रायडरने हेच सुचवलं होतं आणि स्वतःचं द्यायलाही तयार होते. त्यांच्या घोड्यावर ते छान चालतं हे मी स्वतः पाहिलंय. पण तो घोडा बिटच्या नुसत्या वजनाने आणि मनगटाच्या हालचालीने ऐकणारा, पूर्ण तयार झालेला घोडा आहे. ताण वाटला की तोंड उघडून पळणाऱ्या घोड्याला तेच बिट दिलं तर तो काही दिवस घाबरून थांबेल आणि मग त्याच्यावरून पण पळायला शिकेल, आणि त्याच्या पुढे कुठे जायचं?

दोन, टॉम थम तसंच ठेवून डोकं वर जाऊ नये म्हणून टाय-डाऊन बांधणं. याला मी सरळ नाही म्हटलं. डोकं वर का जातंय हे न बघता ते बांधून ठेवणं म्हणजे घोडा जे सांगतोय ते बंद करणं, आणि प्लेझरच्या क्लासमध्ये टाय-डाऊन चालतही नाही.

तीन, मेकॅनिकल हॅकमोर, तोंडात काहीच नाही म्हणून सौम्य असेल अशी त्यांची कल्पना. पण त्यालाही शँक असतात, तोही लिव्हरेजच आहे, फक्त दाब नाकाच्या हाडावर आणि हनुवटीवर येतो, आणि खूप खाली बसवला तर नाकाच्या पुढच्या मऊ भागावर येतो जिथून घोडा श्वास घेतो. शिवाय या क्लासमध्ये तोही चालत नाही.

चार, लगेच एखादं सौम्य लिव्हरेज बिट घेऊन शोची तयारी चालू ठेवणं. मालकिणीला हा पर्याय सगळ्यात आवडला होता आणि खरं सांगायचं तर हा अगदी वाईट नव्हता.

पाच, आधी तोंड आणि पाठ तपासून घेणं, मग परत स्नॅफलवर जाऊन थांबणं-वळणं पक्कं करणं, आणि मगच लिव्हरेज बिट निवडणं. यात शो जाणार होता.

पहिला निर्णय: बिट बदलण्याआधी तोंड

इथे आमचं थोडं वाजलं. त्या म्हणाल्या, "दात तर मागच्या वर्षी बघितले होते की, नवीन बिट लावून बघू ना आधी, नाही जमलं तर दाखवू." माझं म्हणणं होतं की डावीकडेच डोकं तिरकं होतंय म्हणजे डाव्या बाजूला काहीतरी आहे, आणि दुखऱ्या तोंडात कुठलंही बिट ट्राय केलं तर आपल्याला बिटबद्दल काहीच कळणार नाही, चांगलं बिट पण वाईट ठरेल. शेवटी त्या तयार झाल्या.

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं धरणारं स्पेक्युलम लावून नीट तपासलं. वरच्या डाव्या दाढांच्या पुढे एक छोटा वुल्फ टूथ निघाला. हा दात सगळ्या घोड्यांना नसतो, असला तरी खुंटासारखा छोटा असतो आणि बऱ्याचदा बिट लावण्याआधी लहानपणीच काढून टाकतात, तांबूचा राहून गेला होता. बिट मागे ओढलं गेलं की गालाची आतली त्वचा त्या दातावर दाबली जात असणार. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा धारदार झाल्या होत्या. आणि खालच्या जबड्यावर डाव्या बाजूला, जिथे बिट बसतं त्या दात नसलेल्या हिरडीवर, ज्याला बार्स म्हणतात, तिथे बोट लावलं की दुखतंय अशी जागा होती. बार्सवर हाडावर फक्त पातळ कातडी असते, मांस असं नाहीच, त्यामुळे तिथे लागलेलं भरायला वेळ लागतो.

आणखी दोन गोष्टी त्याच वेळी बघून घेतल्या ज्या बिट निवडताना कामाला आल्या. एक म्हणजे त्याची जीभ जाड आहे, तोंड बंद असताना दातांच्या फटीतून दोन्ही बाजूंना बाहेर दिसते. दुसरं म्हणजे टाळू फार खोल नाही. घोड्याच्या तोंडात बिटसाठी वेगळी मोकळी जागा असते असं आपल्याला वाटतं पण तसं नसतं, तोंड बंद असलं की जीभ जवळपास सगळी जागा भरून टाकते आणि बिटला कुठेतरी रुतूनच बसावं लागतं. जाड जिभेच्या घोड्याला हे जास्तच जाणवतं.

वुल्फ टूथ काढला, कडा घासल्या, आणि हिरडी भरेपर्यंत तोंडात बिट नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. खोगीर पण त्याच काळात तपासून घेतलं, पाठीवर हात फिरवून बघितलं, तिथे काही नव्हतं. पाठ दुखत असेल तरी घोडा थांबताना डोकं वर टाकतो म्हणून हे वगळणं गरजेचं असतं.

दुसरा निर्णय: शो सोडणं आणि स्नॅफलवर परत जाणं

हिरडी भरली तोपर्यंत शो जवळ आलेला होता. मालकिणीला अजूनही वाटत होतं की आता दात काढलाच आहे तर एक सौम्य कर्ब लावून उतरू. मी त्यांना एकच गोष्ट करून बघायला सांगितली, बिटशिवाय, रोप हॉल्टरवर, मोकळ्या लगामाने, वॉकमधून फक्त सीटने आणि आवाजाने थांबवा. तांबू थांबला नाही, चालतच राहिला. म्हणजे थांबण्याचा सिग्नल त्याच्यासाठी फक्त तोंडातला ताण हाच होता, बसणं, श्वास सोडणं, "व्हो" म्हणणं याचा अर्थ त्याला कधी शिकवलाच नव्हता. हे बघितल्यावर त्यांनी स्वतःच शो सोडला. नाराज होत्या, साहजिक आहे, फी भरून झाली होती.

लिव्हरेज बिट नवीन काही शिकवत नाही. घोड्याला जे आधीच येतं ते कमी हालचालीत, एका हाताने, सैल लगामावर सांगायची सोय म्हणजे लिव्हरेज बिट. जे येतच नाही ते जोराने सांगण्यासाठी वापरलं तर घोडा फक्त दाबापासून पळायच्या वाटा शोधतो, वर, मागे, जीभ बिटवर टाकून, किंवा हनुवटी छातीला लावून.

मग काही आठवडे दोन जोडांचं साधं स्नॅफल, दोन हात. काम अगदी साधं होतं पण रोज तेच. आधी सीट, मग आवाज, आणि मग लागला तर लगाम, याच क्रमाने, आणि घोडा थांबला की त्याच क्षणी हात पुढे. थांबल्यावर दोन पावलं मागे. उभ्या जागी मान डावीकडे, उजवीकडे मऊ वळवणं. नेक रेन शिकवताना बाहेरचा लगाम मानेला आधी टेकवायचा, एक क्षण थांबायचं, आणि घोड्याने उत्तर दिलं नाही तरच आतल्या लगामाने मदत, म्हणजे हळूहळू मानेवरचा स्पर्शच पुरेसा होतो. तांबू हे पटापट शिकला, फार हुशार घोडा आहे, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

डावीकडचं डोकं तिरकं करणं पहिल्या काही दिवसांतच जवळपास गेलं. मग मात्र मालकिणीचा विश्वास बसला.

तिसरा निर्णय: कोणतं बिट

आता मूळ प्रश्न. इथे थोडं गणित सांगते कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

लिव्हरेज बिटची बाजूची दांडी माउथपीसमुळे दोन भागांत वाटली जाते. वरचा भाग, जिथे हेडस्टॉल (डोक्यावरून जाणारा, बिट धरून ठेवणारा पट्टा) आणि कर्बचा पट्टा लागतो, तो पर्चेस. खालचा भाग, जिथे लगाम लागतो, तो शँक. पहार टेकूवर ठेवून दगड उचलतो तसंच हे आहे, खालची लांबी भागिले वरची लांबी केली की लगामाचा जोर पट्ट्यापाशी किती पट होतो ते कळतं. तांबूचं टॉम थम मोजलं तर पर्चेस दीड इंच आणि शँक साडेतीन इंच, म्हणजे सव्वादोन-अडीच पट. करेक्शन बिट पर्चेस दोन इंच, शँक सहा इंच, म्हणजे तीन पट. आणि पट्ट्यावर तीन पट येतं तेव्हा तोंडातल्या दांडीवर दोन्ही बाजूंचे जोर एकत्र होऊन चार पटीच्या आसपास जातं. हे अर्थात कागदावरचं, लगाम शँकला काटकोनात ओढला तर.

पण फक्त या आकड्यावर बिट निवडलं तर फसगत होते. आम्ही शेवटी जे बिट घेतलं त्याचा पर्चेस दीड इंच आणि शँक साडेचार इंच, म्हणजे तेही तीन पट, टॉम थमपेक्षा जास्त! तरी तांबू त्यावर शांत आहे. कारण जोर किती पट होतो याच्याइतकंच तो किती वेळाने येतो हेही महत्त्वाचं असतं. पट्टा नीट बसवला असेल तर शँक साधारण ४५ अंश फिरल्यावर हनुवटीला लागतो. साडेतीन इंचाच्या शँकला एवढं फिरायला लगामाचं टोक पावणेतीन इंच हलावं लागतं, साडेचार इंचाच्या शँकला साडेतीन इंच. तेवढ्या वेळात घोड्याला तोंडात बिट उचललं गेलेलं कळतं, माथ्यावर हेडस्टॉल किंचित खाली आलेला कळतो, आणि शिकलेला घोडा पट्टा लागायच्या आतच उत्तर देतो. टॉम थमची चेन घट्ट होती म्हणून हा वेळ शून्य होता. लांब शँक म्हणजे क्रूर आणि आखूड म्हणजे सौम्य हे म्हणूनच अर्धवट आहे, आखूड सरळ शँक झटका देते, लांब मागे वळलेली शँक आधी सांगते. अर्थात जड हातात लांब शँक धोकादायकच, ते वेगळं सांगायला नको.

पर्चेसचंही तसंच. लांब पर्चेस बिट सावकाश फिरवतो आणि माथ्यावर दाब जास्त आणतो, छोटा पर्चेस पटकन फिरतो आणि पट्टा लवकर लावतो. तांबूला कानामागे हात लावलेला आवडत नाही, म्हणून फार लांब पर्चेस आम्ही टाळला.

शँकचा आकार मागे वळलेला घेतला, आणि शँक माउथपीसला सैल जोडलेले. सैल शँक एका बाजूचा लगाम उचलला तर आधी ती एकच बाजू हलवतात, म्हणजे स्नॅफलवरून आलेल्या घोड्याला वळण्याचा इशारा ओळखीचा वाटतो. अखंड, घट्ट जोडलेल्या शँकचं बिट पूर्ण नेक रेनवर चालणाऱ्या घोड्याला छान, पण तांबू अजून तिथे नव्हता.

माउथपीसवर सगळ्यात जास्त वेळ गेला. तीन बिटं उसनी आणली होती. पहिलं एक जोडाचं, ते लगेच बाजूला ठेवलं, टॉम थमचाच चिमटा त्यात होता. दुसरं तीन तुकड्यांचं, मधे गोल रोलर असलेलं, ज्यात जोड ठरावीक मर्यादेपर्यंतच दुमडतो. यावर तांबू चांगला होता, फक्त जिभेला जागा कमी पडत असावी, तो सतत चावत राहिला, फेस चांगला येत होता पण तोंड शांत नव्हतं. तिसरं बुटकं पण रुंद पोर्ट असलेलं, जवळपास अखंड माउथपीस. जाड जिभेला पोर्टची उंची नाही, रुंदी लागते. अरुंद उंच पोर्टमध्ये जीभ मावतच नाही, तिच्या कडा दाबल्या जातात आणि उंच टोक बिट फिरल्यावर टाळूकडे जातं, आणि आपल्या घोड्याचा टाळू आधीच खोल नाही. रुंद बुटक्या पोर्टमध्ये जीभ पसरून बसली. लगाम उचलला, दोन सेकंदात त्याने हनुवटी सैल केली, एकदा गिळलं, कान बाजूला आले. बस, तेच घेतलं.

एक सांगते, तिन्ही बिटं आम्ही एकाच दिवशी नाही लावली. एका दिवशी एकच, आधी घोड्यावर न बसता, शेजारी उभं राहून, लगाम बोटांनी उचलायचा आणि तोंड, कान, डोळे बघायचे. घाईत एकामागोमाग लावली की शेवटच्याला घोडा वैतागलेला असतो आणि दोष त्या बिटवर येतो.

धातू स्वीट आयर्नचा, म्हणजे साधं पोलाद, वर गंज चढतो, लोकांना घाण वाटते पण घोड्यांना चव आवडते आणि लाळ सुटते. तोंड ओलं राहिलं तर बिट घासत नाही.

नियमात बसतंय ना तेही बघितलं. बाजूच्या पूर्ण दांडीची कमाल लांबी ८.५ इंच, पोर्ट ३.५ इंचापेक्षा उंच नको, माउथपीसची जाडी कडेपासून एक इंचावर मोजली तर ५/१६ ते ३/४ इंच, आणि कर्बचा पट्टा किमान अर्धा इंच रुंद आणि सपाट बसणारा. आमचं सगळंच यात आरामात बसत होतं.

फिटिंग आणि हात

रुंदी पाच इंच, दोन्ही बाजूंना ओठ आणि शँक यांच्यामध्ये अगदी थोडी फट. जास्त मोठं बिट आडवं सरकतं आणि पोर्ट मधे राहत नाही. उंची अशी ठेवली की ओठाच्या कोपऱ्याला एक हलकी सुरकुती. अजून खाली सोडणारे लोक आहेत, घोड्याने बिट स्वतः उचलून धरावं म्हणून, पण तांबू गेल्डिंग आहे, त्याला सुळे आहेत, आणि खूप खाली सोडलं तर बिट सुळ्यांवर आपटतं.

पट्टा चेनऐवजी चामड्याचा घेतला, दोन बोटं सपाट जातील एवढा सैल. खूप सैल ठेवणं म्हणजे दया नव्हे हे इथे सांगायला हवं. फार सैल असला तर बिट पूर्ण फिरून जातं, ओठाचे कोपरे माउथपीस आणि पट्ट्याच्या मधे चिमटतात आणि पोर्ट नको तिथे जातं.

हातांसाठी मी मालकिणीला घोड्यापासून लांब, जमिनीवर सराव करायला लावला. मी माउथपीस दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून उभी, त्यांनी लगाम उचलायचा, आणि मला पहिली हालचाल कळली की मी "कळलं" म्हणायचं. सुरुवातीला त्यांना वाटायचं की अजून काहीच केलं नाहीये, आणि माझ्या हातात बिट अर्धं फिरून झालेलं असायचं. हे त्यांनी उलट बाजूनेही केलं, माउथपीस त्यांच्या हातात, लगाम माझ्या. त्यानंतर त्यांचे हात जेवढे बदलले तेवढे माझ्या सांगण्याने कधीच बदलले नव्हते.

घोड्यावर सुरुवातीचे काही दिवस फक्त वॉक, दोन हात, मग ट्रॉट, मग एक हात. अर्धे दिवस स्नॅफल, अर्धे दिवस कर्ब. वळण्याचं काही बिघडलं की स्नॅफलवर परत, कर्बवर ओढून दुरुस्ती नाही.

मधे एकदा बिघडलं

सगळं छान चाललेलं असताना एके दिवशी तांबूने लोपमधून थांबताना परत तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशीही. मालकीण घाबरल्या, "ताई, परत तेच सुरू झालं, म्हणजे बिट चुकलंच का?" तोंड बघितलं, हिरडी ठीक. मग पट्टा बघितला. नवीन चामडं घामाने आणि वापराने ताणलं गेलं होतं, दोन बोटांच्या जागी आता तीन बोटं सहज जात होती. लगाम उचलल्यावर शँक जवळपास आडवी होईपर्यंत पट्टा लागतच नव्हता, ओठाच्या कोपऱ्यात लाल रेघ दिसत होती. एक भोक पुढे घेतलं, ओठ बरा होईपर्यंत स्नॅफल, आणि प्रश्न संपला. तेव्हापासून खोगीर चढवल्यावर पट्ट्यात बोटं घालून बघणं हा त्यांचा नेम झालाय.

शेवटी काय झालं

पुढच्या सीझनमध्ये त्या तांबूला घेऊन क्लासमध्ये उतरल्या. नंबर आला नाही. पण तोंड बंद, लगामात झोळ, थांबताना डोकं जागेवर. डाव्या लीडवर (लोपमध्ये डावा पुढचा पाय आघाडीला असताना) तो अजून थोडा घाई करतो, त्याचं कारण मला बिटमध्ये दिसत नाही, मागच्या पायांच्या ताकदीत दिसतं आणि त्यावर काम चालू आहे. ज्या रायडरने करेक्शन बिट सुचवलं होतं त्यांनी एकदा तांबूवर बसून बघितलं आणि म्हणाले, याला त्या बिटची गरज नाही. टॉम थम मालकिणीने विकलं नाही, दुसऱ्या कुणाच्या घोड्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

दाताची तपासणी घोडा विकत घेतानाच व्हायला हवी होती. मागच्या वर्षी दात बघितले होते म्हणतात ते नुसतं ओठ उचलून बघितलेलं होतं, आणि स्पेक्युलमशिवाय मागच्या दाढा दिसत नाहीत, छोटा वुल्फ टूथ सुटू शकतो. पाच वर्षांच्या आतल्या घोड्याचे दात वर्षातून दोनदा बघावेत कारण दुधाचे दात पडत असतात, मोठ्या घोड्याचे एकदा.

शो सोडायचा निर्णय लवकर झाला असता तर फी वाचली असती, हे मालकीणच म्हणतात. रोप हॉल्टरची ती परीक्षा पहिल्याच भेटीत घेता आली असती, पण तेव्हा तोंड दुखत होतं आणि त्या निकालाचा अर्थ लावणं अवघड गेलं असतं, त्यामुळे आधी डॉक्टर, मग परीक्षा हा क्रम मी पुन्हाही तसाच ठेवीन.

रोलरचं बिट मी आणखी काही दिवस देऊन बघितलं असतं तर कदाचित तांबू त्यातही स्थिरावला असता. काही घोडे नवीन माउथपीस सुरुवातीला चावतात आणि मग सोडून देतात. आम्ही तोंडाच्या आकारावरून अंदाज बांधला आणि रुंद पोर्टकडे गेलो, तो अंदाज लागू पडला, पण पातळ जिभेचा घोडा असता तर मी रोलरलाच आधी पसंती दिली असती.

पट्टा मात्र पहिल्यापासून दर वेळी तपासायला हवा असं लिहूनच द्यायला हवं. नवीन चामडं ताणणार हे माहीत असतं, तरी बिटचा एवढा विचार होतो आणि त्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या पट्टीचा होत नाही. आता नवीन पट्टा घेतला की आधी दोन-चार वेळा वापरून, ओढून, मग भोक ठरवतो, आणि बाहेरगावी शोला जाताना एक जास्तीचा, आधीच मोजून ठेवलेला पट्टा पेटीत असतो.

डॉक्टर पुढच्या वेळी आले की डावा बार परत दाबून बघणार आहेत. तिथे हाडावर उंचवटा तयार झाला असेल तर आताच्या माउथपीसची जाडी परत विचारात घ्यावी लागेल, थोडं जाड घेतलं तर दाब पसरेल पण जाड जिभेच्या तोंडात जागा अजून कमी होईल, आणि मग रुंद पोर्टचंच, फक्त मधे पातळ कडेला जाड असं काहीतरी शोधावं लागेल.